भादव्यातला माळ

झाडंपानं बघायची म्हटली की पुणेकर एम्प्रेस गार्डनला जातो, पावसाळा असला तर कासच्या पठारावर. माझं ऐकाल तर गौरी-गणपती उरकले की शिरूर गाठा आणि तिथून न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला करत सुप्यापर्यंत या. नगर महामार्ग आणि सोलापूर महामार्ग यांना जोडणारा हा रस्ता ट्रकवाल्यांना पाठ आहे. वनस्पतींच्या ओढीनं त्याला लागणारं माणूस मात्र विरळा. मला भेटलं, कारण कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई निवृत्तीनंतरही दर भादव्यात तिकडं जातात. यंदा त्यांनी मला बरोबर घेतलं. निघताना सूचना एकच होती : "दुर्बीण नसली तरी चालेल, भिंग विसरू नकोस. आणि चिखलात गुडघे टेकता येतील असे कपडे घाल."

बाईंनी सुरुवात शिरूरच्याही वर, टाकळी हाजीला केली. इथं कुकडी नदीनं काळा कातळ कोरून रांजणखळगे केले आहेत. अलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, पलीकडचा पारनेरच्या निघोजचा. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगरत राहिले आणि त्यांनी खडकात रांजण घडवले. काही इतके खोल की वाकून पाहताना पोटात गोळा येतो. लोक कुंड पाहतात, मळगंगेचं दर्शन घेतात आणि परततात. बाई कातळाच्या भेगांपाशी बसल्या. तिथं मूठभर गाळ साचला होता आणि तेवढ्यात गवताच्या दोन जाती, एक कुर्डू आणि विष्णुक्रांतेची निळी टिकली एवढा संसार मांडून झाला होता. "पाया कातळाचा, वर वीतभर माती आणि चार महिन्यांचं पाणी," त्या म्हणाल्या. "आज दिवसभर आपण हेच बघणार आहोत. पुढं फक्त जागा वाढत जाईल."

कुकडी इथवर येते ती जुन्नरच्या डोंगरातून, आणि महाराष्ट्राच्या वनस्पतिशास्त्राचा एक जुना धागाही तिकडूनच येतो. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतिबाग सुरू केली. १८३८ पासून तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे आला. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्या बागेची एक शाखा होती आणि तिथं फौजेच्या दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती लावल्या जात. पुढं गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्यानं आणि निकोलस डाल्झेलनं मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच जुन्नरच्या टेकड्यांवरची एक मांसल खोडाची, तांबड्या चांदणीसारख्या फुलांची वनस्पती डाल्झेलनं शास्त्राच्या नोंदीत आणली आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या नावावरून तिला 'फ्रेरिआ इंडिका' म्हटलं. आपल्याकडं ती शिंदळ माकुडी. शिवनेरीच्या कड्यांवर ती आजही आहे. दापोडीची बाग १८६५ च्या सुमाराला मोडली. लावलेली बाग माळी, पैसा आणि साहेबाची मर्जी असेपर्यंत टिकते. कड्यावरच्या शिंदळ माकुडीला यातलं काहीच लागलं नाही.

शिरूर सोडून दक्षिणेला वळलो आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. हा तालुका पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर कोसळून पावसाचा जोर ओसरतो आणि इथवर येईतो वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस हाती लागतो. तरीही हिरवळ दिसते ती धरणांच्या पाण्यानं. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. शिवाय चासकमानचा कालवा आणि चिंचणीचं घोड धरण. पाणी आलं तशी बाजरी-मटकीची रानं उसाखाली गेली, आणि उसाबरोबर बिबट्याही आला. संध्याकाळी पोरांना एकटं सोडू नका, हे या भागात आता घरोघरी ऐकू येतं. ऊस इथल्या माणसाच्या हातात पैसा घेऊन आला, पोरं शिकली, घरं पक्की झाली. त्याला नावं ठेवायला मी गेले नव्हते. पण उसाच्या फडात भिंग काढायची वेळ येत नाही. मैलभर तेच एक पान.

बाईंची नजर बांधावर होती. बांध म्हणजे जुन्या माळाची शिल्लक. न्हावऱ्याच्या अलीकडं एका बांधावर तरवड फुलला होता. माणसाच्या कमरेइतकं झुडूप आणि वर हळदीसारखी पिवळी फुलं गच्च. शेळी याला तोंड लावत नाही, म्हणून कितीही चराई झाली तरी तरवड उभा असतो. याची साल कातडं कमावायला वापरत आणि नवरात्रात घटावर याच्या फुलांची माळ चढते. शेजारच्या हिवरावर कळलावी चढली होती. पानांची टोकं ताणव्यासारखी वळवून ती आधार धरते आणि फुलताना खाली पिवळी, वर लालबुंद होत पाकळ्या मागं उलटवते. गौरींच्या दिवसांत फुलते म्हणून तिला गौरीचे हातही म्हणतात. कंद तिचा जहाल विषारी. बाईंनी पोरीला दटावावं तसं मला बजावलं, "बघ, पण हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही."

पारगावला भीमा ओलांडली आणि दौंड तालुका लागला. थोड्या वरच्या अंगाला, रांजणगाव सांडसजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. म्हणजे पुलाखालून वाहणाऱ्या पाण्यात भीमाशंकरचा पाऊस होता तसं पुण्याचं सांडपाणीही होतं. पुढं गुऱ्हाळांचा वास सुरू झाला. चिमण्यांतून धूर, कढईत रटरटणारी काकवी, बाहेर चिपाडांचे ढीग. केडगावला आम्ही थोडं थांबलो. पंडिता रमाबाईंनी इथं जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती आणि फळबागा उभ्या केल्या आणि १८९६ च्या दुष्काळात उपाशी, निराधार झालेल्या मुली-बायकांना या गावात आणून जगवलं. त्यांचं मुक्ती मिशन अजून चालू आहे. १९२२ मध्ये त्यांचा अंतही इथंच झाला. कोरड्या रानात माणसासाठी बाग लावणं हे मोठं काम आहे आणि रमाबाईंनी ते जिवापाड केलं. मला एवढंच म्हणायचं आहे की ज्या रानात आपण विहीर खणतो, तिथं आपल्या आधी काय उगवत होतं हेही ठाऊक असावं.

ते पाहायला चौफुल्याहून सुप्याच्या रस्त्याला लागायचं. सोलापूर महामार्ग मागं पडला की कालव्याचं हिरवेपण तुटतं आणि जमीन लाटा घेत उघडी होते. दौंडची हद्द संपून बारामतीची सुरू होते तिथं मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये ते घोषित झालं. आकार पाच चौरस किलोमीटरहून थोडासाच जास्त. नाव मोरगावच्या गणपतीचं, आणि राखलंय ते चिंकारा हरणासाठी. पण बाईंनी आधी अलीकडच्या मोकळ्या माळावरच गाडी थांबवायला लावली. "अभयारण्य कुठं पळत नाही. आधी हे बघ."

उभ्यानं पाहिलं तर गुडघ्याएवढं गवत वाऱ्यावर लवतंय, अधूनमधून हिवर, बोर, हिंगणबेट. पाच मिनिटांत डोळे भरतात आणि मन म्हणतं, झालं. बाई खाली बसल्या, मीही बसले, आणि गवताचं गवतपण सुटं होऊ लागलं. पेराशी केसांचा झुपका तो मारवेल. अंजनाचं कणीस मऊ, कोल्ह्याच्या शेपटीच्या टोकासारखं. शेडा, पवन्या यांची पाती वेगळी, तुरे वेगळे, वाढायच्या जागा वेगळ्या. कुणी खोल मातीचं, कुणी निव्वळ मुरमाचं. बाईंनी खिशातून काडेपेटी काढली. आत गेल्या वर्षीची कुसळीची सुकी बियाणी होती. एकेक बी जेमतेम तांदळाएवढं, खालचं टोक सुईसारखं आणि मागं बोटभर लांब, तपकिरी, पीळ घातलेलं कुसळ. त्यांनी एक बी माझ्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग कुसळाला जाग आली. पीळ सुटू लागला, वाकलेलं टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरलं आणि सुईचं टोक माझ्या कातडीवर टोचू लागलं.

ही त्याची पेरणी. सुकलं की कुसळ पीळ घेतं, दव किंवा पाऊस लागला की पीळ सोडतं. दर वेळी टोक मातीत थोडं आत शिरतं. टोकावरचे केस मागं वळलेले, म्हणून शिरलेलं बी बाहेर येत नाही. ना बैल, ना पाभर. ओल आणि ऊन एवढ्यावर बी मातीत पुरलं जातं. वैशाखात माळ जळून जावो की खरवडून निघो, जून लागला की तो पुन्हा हिरवा होतो, याचं मर्म असं जमिनीच्या आत असतं. गवताचं खरं शरीर मुळांमध्ये आहे. वर दिसतं ते चार महिन्यांचं.

मेंढरांचा कळप आडवा आला. पुढं दोन कुत्री, मागं खांद्यावर घोंगडी टाकलेले आबा. आम्ही खाली काय शोधतोय म्हणून ते थांबले. बाईंनी कुसळ दाखवल्यावर हसले.

"ह्ये व्हय! ह्ये पिकायच्या आत मेंढरं चारून घ्यायची, ताई. एकदा कुसळ धरलं की लोकरीत घुसतंय, कातड्यात जातंय. जनावर हैराण हुतंय."

"आणि खरपुडी दिसली का कुठं यंदा?" बाईंनी विचारलं.

आबांनी काठीनं वरच्या अंगाची बोरीची झुडपं दाखवली. "त्या बोरीच्या बुडाला असंल बघा. ल्हानपणी लई खाल्ली. आता घावत न्हाई. जिथं जेसीबी फिरला, तिथं तर न्हाईच."

खरपुडी सापडायला वेळ लागला. बोरीच्या काट्यांतून वर चढलेली दोऱ्याएवढी वेल, जाडसर पानं आणि पानांच्या बगलेत जेमतेम पेरभर उंचीची उभी फुलं. वनस्पतिशास्त्रात ही सेरोपेजिया. जमिनीखाली हिचा गोल कंद असतो आणि गुराख्यांची पोरं तो खणून कच्चाच खातात. मी पोट टेकून झोपले आणि भिंग लावलं. तळाशी फुगीर गाभा, वर फिकट हिरवट नळी, आणि टोकाला पाच अरुंद जांभळट पाकळ्या वर जाऊन एकमेकींना चिकटलेल्या, मधे फटी ठेवून. वासाला भुललेली चिलटं त्या फटींतून आत जातात. नळीच्या आतल्या केसांची टोकं खाली वळलेली असल्यानं उतरता येतं, चढता येत नाही. चिलट गाभ्यात अडकून पडतं, तिथं परागांची पुडी त्याला चिकटते. मग फूल आपला सौदा पुरा करतं : केस सुकून गळतात, फूल कलतं आणि कैदी सुटतो, तो पुढच्या फुलात तसाच जाऊन अडकण्यासाठी. बाईंनी खाली गळलेलं एक फूल नखानं उभं चिरलं. आत एक चिलट अजून पाय हलवत होतं. त्यांनी ते फुंकर मारून मोकळं केलं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी सेरोपेजियाच्या अभ्यासाला आणि तिच्या दुर्मिळ जाती जगवायला आयुष्य दिलं. यातल्या कित्येक जाती जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. कुणाचा कंद खाण्यापायी संपतो, कुणाची जागाच खणली जाते. बोरीच्या बुडाशी मातीत तोंड घालून पडलेली मी त्या दिवशी जे पाहत होते, ते कुठल्याही काचघरात राखून ठेवावं इतकं नाजूक होतं आणि त्यावर शेजारच्या रस्त्याची धूळ बसत होती.

उत्तरेकडच्या देशांनी आपल्या ओसाड भूमीचं काय केलं, हे इथं सांगण्यासारखं आहे. नॉर्वेमध्ये उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर ट्रोम्सो नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठानं १९९४ मध्ये जगातली सर्वांत उत्तरेकडची मानली जाणारी वनस्पतिबाग खुली केली. प्रवेशाला पैसे नाहीत. दगडांच्या राशी रचून त्यांच्या फटींत ध्रुवप्रदेशातल्या आणि उंच डोंगरांवरच्या वनस्पती लावल्या आहेत, हिमालयातली निळी पॉपीसुद्धा. हिवाळ्यात सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात मावळत नाही अशा ठिकाणी, बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या थोड्या दिवसांत त्या रोपांना फुटायचं, फुलायचं आणि बी धरायचं असतं. आपल्या माळाची रीत हीच आहे. तिथं बर्फ दार लावतो, इथं ऊन. मृगापासून दसऱ्यापर्यंतचा अवधी, तेवढ्यात सगळं आटपायचं आणि उरलेलं वर्ष मातीखाली काढायचं. त्यांनी अशा वनस्पतींना मान द्यायला बाग बांधली. आपल्याला ती बांधायचीही गरज नव्हती.

आपण उलट या जमिनीला पडीक ठरवलं. सातबाऱ्यावर ती पोटखराबा असते, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात ती मोकळी जागा म्हणून भरते, आणि रस्ता, कारखाना, कचरा डेपो यांना जागा शोधताना पहिलं बोट तिच्यावर जातं. त्याहून जास्त दुःख मला हिताच्या भावनेनं होणाऱ्या नुकसानीचं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर उत्साही माणसं माळावर येतात, चर खोदतात, गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावतात. गिरिपुष्प मूळचा मध्य अमेरिकेचा. त्याच्या दाट सावलीत उन्हावर जगणारं गवत तग धरत नाही. गवत गेलं की मेंढरं गेली, चिंकारा गेला, उघड्या जमिनीवर अंडी घालणारे माळटिटवी, धाविक हे पक्षीही गेले. वेडी बाभूळ तर कुणी न लावता पसरते. वरून पाहणाऱ्याला हिरवं दिसतं आणि फोटो चांगला येतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे : इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ झाला. हा समज तपासून पाहिला गेला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी संतसाहित्य, चरित्रं, देवांच्या कथा आणि लोकगीतं चाळून त्यांत पश्चिम महाराष्ट्रातली कुठली रानझाडं येतात ते काढलं. २०२५ मध्ये 'पीपल अँड नेचर' या शोधपत्रिकेत ते प्रसिद्ध झालं. त्या जुन्या मजकुरात हिवर, तरटी, गवताची रानं आणि गुरं चारणारी माणसं भेटतात. म्हणजे उघड्या रानात वाढणाऱ्या झाडांचीच तिथं गर्दी आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी इथून चालत गेलेल्या माणसांना हा मुलूख असाच मोकळा दिसला होता. माळ हे मोडलेलं जंगल नव्हे. त्याचं म्हणून एक वय आहे, घराणं आहे.

उन्हं कलल्यावर अभयारण्यात गेलो. मातीचा रस्ता, कडेला हेकळ आणि खैर. वळणावर चिंकारा उभा होता. अंग गवताच्याच रंगाचं, पोट पांढरं, आखूड काळी शेपटी सारखी हलती. हे हरीण पाण्यावाचून दिवसचे दिवस काढतं, कारण लागणारी बरीचशी ओल ते पाल्यातून घेतं. आमच्याकडं पाहत त्यानं बोरीचा एक शेंडा खुडला, सावकाश चावला आणि पलीकडच्या उतारावर निघून गेलं. बाई कौतुकानं बघत होत्या, पण बोलल्या त्या बोरीबद्दल. "याच बोरीच्या आधारानं खरपुडी चढते. हरणाची राखण करता करता तिचीही राखण झाली. पाच चौरस किलोमीटरांत झाली. बाकीच्या माळाला कोण आहे?"

या प्रश्नाचं उत्तर सरकारी फायलीत जेवढं आहे तेवढंच गावात आहे. गायरानं ग्रामपंचायतींच्या ताब्यात असतात. वनखात्यानं जवळच शिर्सुफळला आणि इंदापूरच्या कडबनवाडीला गवताळ रानाची सफर सुरू केली आहे, म्हणजे माळ पाहायला माणसं पैसे मोजून येतात हेही सिद्ध झालं आहे. माझी विनंती साधी आहे. झाडं जरूर लावा. उसाच्या बांधावर लावा, रुंदीकरणात वडा-चिंचांची रांग गेली त्या रस्त्याकडेला लावा, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठी लावा. तिथं ती हवीच आहेत. पण लावायला म्हणून माळावर निघालात तर आधी एका भादव्यात भिंग घेऊन जा, गुडघे टेका आणि हातभर जागेत किती जाती आहेत त्या मोजा. गावातल्या मेंढपाळांना विचारा, त्यांना नावं ठाऊक असतात. एवढं केल्यावर त्या मातीत कुदळ घालायचा धीर होणार नाही, याची मला खात्री आहे.